ऑइलचा भाव लिटरवर नको, एका बदलीवर काढा

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट, एक स्प्लेंडर, एक ॲक्टिव्हा, आणि गावी ऊस वाहणारा ट्रॅक्टर, ज्याच्या इंजिनात साडेसात लिटर ऑइल मावतं. दरवेळी सुटं घेण्यापेक्षा वर्षाचं ऑइल एकदम मोठ्या डब्यात घेतलं तर किती वाचेल? ऑनलाइन २० लिटरची बादली लिटरमागे बरीच स्वस्त दिसते, ती आणून सगळ्या गाड्यांना वापरली तर चालेल का? आणि चांगलं ऑइल स्वस्तात मिळायची जागा कुठली?

कराडला गेली चोवीस वर्षं माझं गॅरेज आहे आणि शेजारीच ऑइलचं काउंटर. म्हणजे ऑइल मी विकतोही आणि ओततोही. त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशोब मांडता येईल.

आधी सरळ उत्तर. एकच बादली सगळ्यांना अजिबात नको. ट्रॅक्टरला मोठा डबा जरूर घ्या, त्यात खरी बचत आहे. कारला तिच्या मापाचा डबा, आणि दुचाक्यांना दुचाकीच्याच बाटल्या. डब्यावर लिटरमागे काय भाव पडतो हे बघण्यापेक्षा एका बदलीला, म्हणजे एकदा ऑइल बदलायला, आपल्या खिशातून किती गेले हे बघा. या दोन आकड्यांची उत्तरं बऱ्याचदा उलटी येतात, आणि माणसं नेमकी तिथेच फसतात.

बादलीचं आधी संपवू. तुम्ही पाहिलेली बादली बहुतेक १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइलची असणार, कारण २० लिटरमध्ये तेच सगळ्यात जास्त खपतं. ट्रॅक्टरला ते ठीक. तुमच्या वर्षाच्या स्विफ्टला सहसा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं (मॅन्युअलचं ते एक पान उघडून खात्री करा, माझ्या शब्दावर जाऊ नका). पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरचा घट्टपणा सांगतो. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात जाड ऑइल घातलं तर गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणून लोकांना वाटतं चाललं. पण सकाळी पहिल्यांदा चावी फिरवल्यावर वरपर्यंत ऑइल पोचायला जो उशीर होतो, झीज तिथे होते. ॲव्हरेजही थोडं उतरतं.

दुचाकीचा मामला याहून नाजूक आहे. कारचा क्लच ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो. स्प्लेंडरसारख्या मोटारसायकलीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. इंजिन, गिअर आणि क्लच, तिघांना ऑइल एकच. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, ॲव्हरेज वाढावं म्हणून. तीच रसायनं क्लच प्लेटवर बसली की प्लेट पकडायच्या ऐवजी घसरते. म्हणून बाटलीवर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलंय का ते बघायचं. हे जपानी मानक १९९८ पासून आहे आणि ते नेमकं याच प्रश्नासाठी काढलं गेलं. ॲक्टिव्हाचा क्लच कोरडा, मागच्या बाजूला वेगळ्या खोक्यात, म्हणून तिला जासो एमबी सांगितलेलं असतं. एमए ऑइल ॲक्टिव्हात पडलं तर नुकसान नाही, पण एमबी स्प्लेंडरमध्ये घालू नका. दोन्हींवर १०डब्ल्यू-३० छापलेलं असतं, म्हणून घरात बाटल्यांची अदलाबदल सहज होते.

एक गिऱ्हाईक आठवतं. चिपळूणला जाऊन-येऊन असणारा तरुण पोरगा. भावाच्या कारचं ऑइल बदलून डब्यात लिटरभर उरलं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून ते मोटारसायकलमध्ये घातलं. पंधरवड्यात माझ्याकडे आला. कुंभार्ली घाटात गाडी चढेना, ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी आहे त्याच वेगानं सरकते. मी ड्रेन बोल्ट काढला, ऑइल दोन बोटांत घेतलं. रंगाला चांगलं, पण त्याला क्लच प्लेटच्या मसाल्याचा जळका वास होता, कुकर करपल्यावर येतो तसा. प्लेटांचा सेट नवा घालावा लागला. लिटरभर ऑइल वाचवायला गेला आणि त्याच्या कितीतरी पट पैसे क्लचला गेले. पोरगा हुशार होता, नुसतं कुणी सांगितलेलं नव्हतं. उरलेल्या ऑइलचा प्रश्न हा मुळात डब्याच्या मापाचा प्रश्न आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

आता हिशोब. पुढचे भाव गणित समजावं म्हणून धरलेत, आजचे बाजारभाव म्हणून वाचू नका.

स्विफ्टच्या १.२ पेट्रोल इंजिनाला फिल्टरसकट साधारण ३.१ लिटर लागतं. समजा एकाच ब्रँडचं, एकाच ग्रेडचं ऑइल असं मिळतंय: १ लिटर ५६० रुपये, साडेतीन लिटर १,७५० रुपये, ५ लिटर २,३५० रुपये. लिटरमागे अनुक्रमे ५६०, ५०० आणि ४७०. कुणीही म्हणेल पाचाचा डबा घ्या. पण ३.१ लिटर ओतल्यावर त्यात १.९ लिटर उरतं. पुढच्या बदलीला १.२ लिटर कमी पडणार. त्यासाठी एकेक लिटरच्या दोन बाटल्या आणाव्या लागतील, १,१२० रुपये. दोन बदल्यांचे झाले ३,४७०. साडेतीनचे दोन डबे घेतले असते तर ३,५००. म्हणजे लिटरमागे तीस रुपये स्वस्त दिसणाऱ्या डब्यानं दोन बदल्यांत मिळून तीसच रुपये वाचवले, आणि त्या बदल्यात उघडा डबा वर्षभर घरात सांभाळायला लावला. तुमची गाडी वर्षाला एकदाच ऑइल बदलत असेल तर ही दोन वर्षांची बचत आहे.

हेच गणित घरात सारख्या इंजिनाच्या तीन गाड्या असतील तर पालटतं. तीन बदल्यांना ९.३ लिटर लागतं, पाचाचे दोन डबे बरोबर बसतात, आणि तिन्ही गाड्या एकाच रविवारी केल्या तर उघडा डबा ठेवायचाही प्रश्न नाही. आमच्याकडे एक कुटुंब असं करतं, तिघे भाऊ गाड्या एकत्र आणतात. त्यांची बचत खरी आहे.

स्प्लेंडरला ऑइल काढून घालताना साधारण ९०० मिली लागतं. म्हणूनच बाजारात ९०० मिलीची बाटली आहे. धरा ९०० मिली ३७८ रुपयांना आणि १ लिटर ४१० ला. लिटरच्या भावानं ९०० ची बाटली दहा रुपये महाग, ४२० पडते. पण तुमच्या गाडीला लागतंच तेवढं, म्हणजे बदलीला ३२ रुपये स्वस्त. उरलेलं १०० मिली टॉप-अपला कामी येतं हे खरं, पण ज्या स्प्लेंडरला दोन बदल्यांच्या मध्ये टॉप-अप लागत नाही, तिच्या मालकाच्या फळीवर अशा शंभर-शंभर मिलीच्या बाटल्या साठत जातात. ॲक्टिव्हाला मॉडेलप्रमाणे ६५० ते ७०० मिली लागतं, तिच्यासाठी ८०० मिलीची बाटली घ्या. ती बाटली लहान दिसते म्हणून कंपनीनं माप मारलं असं नाही, ती त्या स्कूटरसाठीच काढलेली आहे. पल्सर आणि बुलेटवाल्यांनी हाच विचार १.२ आणि अडीच लिटरच्या डब्यांबाबत करावा.

काउंटरवर एक काळजी घ्या. ९०० मिली आणि १ लिटरच्या बाटल्या उंचीला जवळजवळ सारख्या असतात, रंगही तोच. भाव विचारताना "बाटली केवढ्याला" असं विचारू नका, माप बोलून विचारा. मापाबद्दलचा कायदा तुमच्या बाजूनं आहे. पॅकेटबंद मालाच्या २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे डब्यावर सगळ्या करांसह एमआरपी, निव्वळ माप, उत्पादनाचा महिना-वर्ष, कंपनीचा पत्ता आणि तक्रारीचा नंबर छापावाच लागतो. अलीकडे त्यात 'युनिट सेल प्राइस' म्हणजे एकेरी मापाचा भावही आला आहे. फक्त एक गोम आहे: लिटरपेक्षा लहान बाटलीवर तो भाव मिलीमागे छापतात, मोठ्या डब्यावर लिटरमागे. एकावर ०.४२ आणि दुसऱ्यावर ५०० दिसतं. मिलीच्या आकड्याला हजारानं गुणलं की झालं. आणि हे लक्षात ठेवा की तो भाव एमआरपीवरून काढलेला असतो, तुम्हाला मिळालेल्या सवलतीच्या भावावरून नव्हे.

मापावरून आणखी एक महत्त्वाची गोष्ट, जी पैशापेक्षा मोठी आहे. डबा साडेतीनचा आणि इंजिन तीनचं असलं की उरलेलं ऑइल कुठे जातं? प्रामाणिक मेकॅनिक डबा तुमच्या हातात परत देतो. काही जण सगळं ओततात, "वाया कशाला घालवायचं" म्हणून. दुसरीकडे ऑइल बदलून आलेली एक छोटी कार माझ्याकडे निळा धूर मारत आली. सपाट जागेवर उभी केली, दहा मिनिटं थांबलो, डिपस्टिक पुसून घातली, बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. एअर फिल्टर उघडला तर कागद खालच्या बाजूनं ओला. २.९ लिटरच्या इंजिनात अख्खा साडेतीनचा डबा गेला होता. जास्तीचं ऑइल क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या फिरत्या दांड्याला लागतं, घुसळून फेस होतो, फेसाला दाब धरता येत नाही, आणि उडालेलं ऑइल श्वासाच्या नळीतून हवेच्या वाटेनं इंजिनात जळायला जातं. मी सहाशे मिली काढलं, फिल्टर बदलला, धूर दोन दिवसांत गेला. मालकानं मात्र ते सहाशे मिली विकतही घेतलं होतं आणि काढण्याचे पैसेही दिले होते.

म्हणून ओतताना नरसाळं लावून आधी तीनच लिटर घाला, इंजिन मिनिटभर चालवा म्हणजे नवा फिल्टर भरेल, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत शंभर-शंभर मिली वाढवा. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबलं पाहिजे. बऱ्याच कारमध्ये दोन खुणांमधलं अंतर साधारण लिटरभर असतं, तेवढा अंदाज पुरतो. सर्व्हिस सेंटरला बॅरलमधून मीटरनं ऑइल घालतात, तिथे बिलावर ३.१ असा नेमका आकडा यायला हवा. ३.५ लिहिलं असेल तर उरलेलं ऑइल मागा किंवा ओळ दुरुस्त करून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता स्वस्त कुठे मिळेल. जागेपेक्षा साखळी समजून घेतली तर भाव करणं सोपं जातं. ऑइल कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून माझ्यासारख्या काउंटरकडे येतं. एमआरपी आणि आमची खरेदी यांत बऱ्यापैकी अंतर असतं, कारण त्यातून गिऱ्हाइकाची सवलत, उधारी आणि मेकॅनिकचं कमिशन असं सगळं निघतं. एमआरपीनं ऑइल विकत घेणं म्हणजे मधली सगळी सवलत सोडून देणं. पेट्रोल पंपावर सर्वो, मॅक किंवा एचपीचं ऑइल बहुधा एमआरपीनंच मिळतं. माल खात्रीचा असतो, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर पंपच बरा. पण ठरवून खरेदी करायची तर कंपनीच्या अधिकृत डिस्ट्रिब्युटरचं काउंटर गाठा. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला की जवळच्या डिस्ट्रिब्युटरचं नाव मिळतं. पुण्यात नाना पेठेतल्या ऑटो पार्टच्या दुकानांत पेटीच्या भावानं चारच डबेही देतात, आपण पक्कं जीएसटी बिल आणि रोख म्हटलं की. आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि मार्चमध्ये डिस्ट्रिब्युटरला टार्गेट पुरं करायचं असतं, तेव्हा दहा पेट्यांवर एक मोफत अशा स्कीम येतात. त्या दिवसांत काउंटरवाला सैल होतो. दुसरी वेळ म्हणजे एमआरपी वाढल्यानंतरचे पंधरा-वीस दिवस. बेस ऑइल, म्हणजे ज्यापासून इंजिन ऑइल बनतं ते मूळ तेल, त्याचा मोठा भाग परदेशातून येतो, डॉलर आणि क्रूड चढलं की कंपन्या भाव वाढवतात, पण जुना छापील माल दुकानात असतो. "जुन्या एमआरपीचा आहे का" एवढंच विचारा. जुन्या डब्यावर नव्या भावाची चिठ्ठी चिकटवून जास्त पैसे घेतले तर ते बेकायदा आहे, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

कुपनाबद्दल उघड बोलतो, कारण गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही. बऱ्याच डब्यांच्या झाकणाखाली किंवा लेबलच्या आत मेकॅनिकसाठी कुपन असतं. कोड मोबाइलवर टाकला की पॉइंट जमा होतात, पैसे किंवा वस्तू मिळतात. ही कंपन्यांची राजरोस योजना आहे आणि मीही घेतो. पण त्याचा अर्थ असा की "हेच ऑइल घाला" या सल्ल्यामागे कधीकधी त्या महिन्याचं कुपन असतं. तुम्ही स्वतः डबा आणलात तर ते कुपन तुमच्या हातात येतं. मेकॅनिकला देऊन टाका आणि त्या बदल्यात मजुरीत थोडी सवलत मागा. माझी काही गिऱ्हाइकं असंच करतात, आणि त्यात दोघांचंही समाधान असतं. मजुरी बुडेल म्हणून डबा आणलेला आवडत नाही असा मेकॅनिक भेटला, तर त्याला मजुरी वेगळी आणि पूर्ण द्या. चांगल्या मेकॅनिकचे हात त्या शंभर रुपयांपेक्षा महाग आहेत.

ऑनलाइन भाव कधीकधी खरंच चांगला असतो, विशेषतः सिंथेटिकचा, म्हणजे रासायनिक प्रक्रियेनं बनवलेल्या, जास्त टिकणाऱ्या महाग ऑइलचा. पण खोडलेल्या एमआरपीवर भाळू नका. तोच डबा शेजारच्या काउंटरला केवढ्याला आहे हे आधी विचारून ठेवा, मग टक्के मोजा. विकणाऱ्याचं नाव बघा: कंपनीचं स्वतःचं दुकान किंवा अधिकृत विक्रेता असेल तर घ्या, अनोळखी नावानं निम्म्या भावात असेल तर सोडा. "३ लिटरवर अर्धा लिटर मोफत" म्हणजे साडेतीनचाच डबा, एकूण मापानं भागा. डबा आल्यावर आधी उत्पादनाचा महिना बघा. सीलबंद ऑइल नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं, तरी दोन वर्षांपूर्वीचा माल मी पूर्ण भावानं घेत नाही. जुना माल सवलतीत मिळत असेल आणि दर्जा तुमच्या गाडीला लागणाराच असेल तर हरकत नाही.

दर्जा म्हणजे एपीआयची, अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेची, डब्यावर छापलेली अक्षरं. पेट्रोल इंजिनाला एस पासून सुरू होणारी, डिझेलला सी पासून. अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: एसएन २०१० मध्ये आला, एसपी २०२० मध्ये. खूप स्वस्त डब्यांवर एसएफ लिहिलेलं सापडेल. तो दर्जा १९८८ पर्यंतच्या इंजिनांसाठीचा आहे आणि एपीआयनं तो केव्हाच बाद ठरवला. डबा चकचकीत, नाव इंग्रजी, भाव निम्मा, आणि मागे बारीक अक्षरांत एसएफ. हा स्वस्त सौदा नव्हे. युरोपियन गाडीवाल्यांनी तर कंपनीचा मंजुरी क्रमांक जुळल्याशिवाय डबा उचलूच नये.

सिंथेटिक परवडतं का, हे किलोमीटरवर काढा. समजा साधं ऑइल ३०० रुपयांचं आणि ३,००० किलोमीटरला बदलायचं, सिंथेटिक ६०० चं आणि ६,००० ला. दोन्हीकडे किलोमीटरला दहा पैसे, वर एका बदलीची मजुरी वाचते. पण हे तेव्हाच, जेव्हा मॅन्युअल तेवढं लांबवायला परवानगी देतं आणि गाडी तेवढी फिरते. वर्षाला चारच हजार किलोमीटर फिरणाऱ्या कारचं ऑइल वर्षानं बदलावंच लागतं, कारण थोडं थोडं फिरून त्यात पाणी आणि पेट्रोल मिसळतं. अशा गाडीला महाग ऑइल जास्त चालवून पैसे वसूल होत नाहीत. गाडीच्या मॅन्युअलनं सिंथेटिक मागितलंच असेल तर मात्र तिथे हिशोब करायचा नाही.

लूज ऑइल, म्हणजे बॅरलमधून मापानं मिळणारं. ओळखीच्या डिस्ट्रिब्युटरच्या दुकानात तुमच्यासमोर सीलबंद बॅरल फोडला तर ठीक, नाहीतर नको. एक बारकावा जरूर लक्षात ठेवा: बॅरलचा माल काही ठिकाणी किलोनं विकतात. ऑइल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभराचं वजन साधारण ८६० ते ८८० ग्रॅम. २०० रुपये किलो म्हणजे लिटरला १७४ च्या आसपास. भाव किलोचा की लिटरचा हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोन दुकानांचे भाव ताडून बघताच येणार नाहीत.

नकली मालाला जळकं ऑइल गाळून, रंग उडवून भरतात, आणि भरायला डबे भंगारातले अस्सल. त्यामुळे नुसता डबा बघून कळत नाही. मी झाकणाखालची कडी बघतो, ती सगळ्या बाजूंनी झाकणाला जुळलेली आणि उघडताना कट्-कट् तुटणारी हवी. मग तोंडावरची चंदेरी पट्टी: अस्सल पट्टी सारखी बसलेली असते, नकलीत कडेला सुरकुत्या किंवा गोंद दिसतो. बॅच नंबर डब्यावर आणि पेटीवर जुळतो का ते बघतो. आजकाल क्यूआर कोड असतो, कंपनीच्याच ॲपनं स्कॅन केला आणि "आधी वापरलेला" असं आलं तर डबा परत द्या. आणि बिल. पक्क्या बिलावर नकली माल विकायची हिंमत फार थोडे करतात. ऑइलवर जीएसटी १८ टक्के आहे, "बिल नको तर १८ टक्के कमी" हे आमिष जिथे दाखवतात तिथे मी स्वतः खरेदी करत नाही.

उघडा डबा ठेवायचा झाला तर झाकण घट्ट करून, उन्हापासून आणि ओलीपासून लांब, आणि डब्यावर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख व गाडीचं नाव लिहून. वर्षाच्या आत संपवा. शेतावर बॅरल असेल तर उभा उघड्यावर ठेवू नका. पावसाचं पाणी वरच्या तळीत साचतं, दिवसा तापून आतली हवा बाहेर जाते आणि रात्री गार झाल्यावर बुचातून पाणी आत ओढलं जातं. बॅरल आडवा करा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा, म्हणजे बुचं आतून ऑइलखाली राहतात.

आता तुमचा ट्रॅक्टर. साडेसात लिटर हे ट्रॅक्टरचं इतकं रुळलेलं माप आहे की साडेसातचा डबाच मिळतो. गाळप हंगामात ऊस वाहणारा ट्रॅक्टर दिवसाला दहा-बारा तास सहज चालतो. बदली २५० तासांना असेल तर तीन-चार आठवड्यांत एक. म्हणजे हंगामात चार-पाच बदल्या, तीस ते साडेसदतीस लिटर. इथे मोठा डबा घ्याच, पण २० ची बादली नको. तिच्यात दोन बदल्या होऊन पाच लिटर उरतं, ज्यात तिसरी बसत नाही, आणि कारखान्याच्या यार्डात धूळ उडत असताना अर्धी बादली उघडी ठेवणं म्हणजे ऑइलमध्ये वाळू घालणं. १५ लिटरचा डबा दोन बदल्यांना नेमका पुरतो. साडेसातचे दोन आणि १५ चा एक यांचा भाव विचारा, फरक अगदीच थोडा असेल तर साडेसातचेच घ्या, प्रत्येक बदलीला नवं सील. दोन-तीन शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर त्याच ऑइलवर असतील तर ऑक्टोबरच्या आधी एकत्र मागणी द्या. हंगाम सुरू झाला की काउंटरवाला भाव सोडत नाही, त्याला गरजच नसते. मॅन्युअल मागेल तो सी गटाचा दर्जा, सीआय-४ असेल तर तो, डब्यावर आहे ना हे बघा. हायड्रॉलिक आणि गिअरचं ऑइल वेगळं असतं, उरलेलं इंजिन ऑइल तिकडे ओतू नका.

निघालेलं जळकं ऑइल गटारात, विहिरीजवळ किंवा बांधावर टाकू नका. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागणारे येतील, तेही टाळा, शेवटी ते मातीतच जातं. डब्यात भरून गॅरेजला द्या. आम्ही ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिफायनरवाल्याला लिटरच्या भावानं विकतो. तुमचं पंधरा-वीस लिटर एकदम असेल तर त्याचे पैसे मागा किंवा मजुरीत वळते करून घ्या.

रिकामा डबा नकली मालवाल्याच्या कामी येऊ नये म्हणून भंगारात देताना झाकण वेगळं करा, लेबलवर खिळ्यानं आडवी रेघ ओढा आणि तळाला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडा. आमच्या गॅरेजमध्ये संध्याकाळी दिवसभराचे डबे मोजून मुलं हे काम करतात, मगच शटर ओढतो.